बेळगावजवळच्या कडोली-अगसगे भागात आज एकदम खालनं गेलेलं हेलिकॉप्टर कुणी पाहिलं?

मार्कंडेयकाठ | मंगळवार, दुपारी १:१०

सकाळी साडेदहाच्या सुमारास कंग्राळीच्या बाजूनं एक हेलिकॉप्टर आलं. सांबरा विमानतळाची विमानं आपण रोज बघतो, लष्कराची हेलिकॉप्टरंही नवी नाहीत, पण ती उंचावरनं सरळ निघून जातात. हे तसं नव्हतं. नारळाच्या शेंड्यांच्या थोडंसं वर, अगदी हळू, मध्येच एका जागी थांबायचं, परत पुढं सरकायचं. शिवारात भाताची मळणी चाललीय. वाऱ्यानं पिंजर उडाली, ताडपत्री उलटली, बायका पोती तशीच टाकून बांधाकडं पळाल्या.

तासाभरात गावात नाना बातम्या फिरायला लागल्या. कुणी म्हणतंय रिंगरोडची मोजणी, कुणी म्हणतंय विधिमंडळ अधिवेशनाचा बंदोबस्त, कुणाला बिबट्या आठवतोय. ज्यांनी स्वतः पाहिलं त्यांनी वेळ, दिशा आणि रंग लिहा. ऐकीव नको.

शिवारकरी | १:३२

अगसग्याला पावणेअकराला. पांढरा रंग, बाजूला निळा पट्टा. केदनूरच्या अंगाला गेलं आणि थोड्या वेळानं परत आलं. येताना त्याच वाटेनं, पण पलीकडच्या बाजूनं.

उचगावची लेक | १:५०

माझं सासर हंदिगनूरच्या बाजूला. आमची गाभण म्हस दावं तोडून पळाली आणि बांधावरनं घसरली. पाय मोडलेला नाही, पण टेकवत नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, दोन दिवस बघू म्हणाले. सहावा महिना चालू आहे तिला. कुणाचं का हेलिकॉप्टर असेना, आधी सांगितलं असतं तर जनावरं आत बांधली नसती का आम्ही?

कॅम्पातला | २:०५

लष्कराचंच असणार. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कमांडोंचं प्रशिक्षण इथंच चालतं, सांबऱ्याला वायुदलाची शाळा आहे. २०२२ ला जपानच्या सैन्याबरोबरचा धर्म गार्डियन सराव बेळगावातच झाला होता. तसलाच काहीतरी सराव असेल. घाबरायचं कारण नाही.

नीलजीकर | २:११

अधिवेशनाचं असेल की हो. मंत्री यायला लागलेत.

शिवारकरी | २:२०

नीलजीकर, अधिवेशन भरतं ते सुवर्णसौध हलग्याला, हायवेच्या कडेला. आम्ही शहराच्या उत्तरेला. बंदोबस्ताचं हेलिकॉप्टर आमच्या भातावर थांबून काय बघणार?

बांधावरचा | २:४८

मी सरळ लिहितो, कारण गावात सगळे हेच बोलालेत आणि इथं मात्र कुणी लिहीना झालंय. रिंगरोडला जमीन घ्यायच्या यादीत तालुक्यातली ३२ गावं आहेत, आपल्या भागातली त्यात आहेत. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि उभ्या पिकात जेसीबी आले ते आपण डोळ्यांनी बघितलंय. धारवाडच्या नव्या रेल्वेमार्गासाठी देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळीकडच्या सुपीक जमिनीवर खुणा झाल्या. तिथल्या माणसांनी आमची पिकाऊ जमीन सोडून माळावरनं मार्ग न्या म्हणून किती अर्ज दिले.

हेलिकॉप्टर थांबत थांबत जातंय, खाली कॅमेरा लोंबतोय, आणि ते कुणाचं हे कुणी सांगत नाही. मग माणसाच्या मनात जमीन येणार नाही तर काय येणार? माझ्या वडिलांनी सगळी मळणी थांबवून सातबारा-उताऱ्यांची पिशवी कपाटातनं बाहेर काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस दुपारी जेवला नाही. ज्यांची जमीन कधी यादीत आली नाही त्यांना हे कळायचं नाही.

मार्कंडेयकाठ | ३:०२

बांधावरचे दादा, कॅमेरा लोंबताना तुम्ही स्वतः बघितला?

बांधावरचा | ३:०६

स्वतः. पोटाखाली पुढच्या बाजूला काळा गोळा होता, फिरत होता. व्हिडिओ आहे, मुलाच्या फोनवर आहे, संध्याकाळी टाकतो.

कोर्टाजवळचा | ३:४०

बांधावरचे दादा, तुमच्या वडिलांना हे वाचून दाखवा.

हवेतनं बघून कुणाची जमीन जात नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ च्या महामार्ग कायद्याप्रमाणे आधी कलम ३(अ) ची अधिसूचना राजपत्रात यावी लागते. तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यातलं एक तरी स्थानिक भाषेतलं. त्यानंतर हरकतीला २१ दिवस मिळतात आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. जमीन सरकारकडं जाते ती पुढच्या ३(ड) च्या अधिसूचनेनंतर. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली काही येत असेल तर तिथं प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस आहेत.

माझा अनुभव असा की आपल्याकडची माणसं भीतीत दिवस घालवतात आणि २१ दिवस निघून जातात. मोजणीवाले आले, ड्रोन आला, दगड रोवला, की गाव तिकडं धावतं. ज्या दिवशी अधिसूचना छापून येते त्या दिवशी मात्र शिवारात शांतता असते. लक्ष ठेवायचं ते कागदावर. प्रत्येक गावानं दोन माणसं नेमून आठवड्याला एकदा प्रांत कचेरी आणि तलाठ्याकडं चौकशी केली तरी पुष्कळ.

बांधावरचा | ३:५५

वाचून दाखवलं. जेवायला बसले. तुमचे उपकार आहेत.

कृष्णाकाठची | ४:१५

मला जमिनीचं नाही, पाण्याचं आठवलं. माझं माहेर चिकोडी तालुक्यात, नदीपासून जवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या तेव्हा आमच्याकडं हेलिकॉप्टरचा आवाज म्हणजे कुणीतरी छपरावर अडकलंय असा अर्थ होता. आई तेव्हापासून तो आवाज आला की दारात येऊन नदीच्या दिशेला बघते. आज मी तिला फोन केला नाही, मुद्दाम. पण गावागावात अशी माणसं आहेत. नुसती दवंडी दिली असती, स्पीकरवरनं दोन वाक्यं सांगितली असती, तरी केवढं काम झालं असतं.

निवृत्त सुभेदार | ५:३०

मुलांनो, मी फौजेत होतो, हेलिकॉप्टरनं नेलं-आणलं गेलेला माणूस आहे. ओळखायचं कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजावर भांडायला नको.

फौजेचं चीता हेलिकॉप्टर असेल तर पुढचा भाग काचेचा फुगा आणि शेपटी उघड्या नळ्यांच्या जाळीची. चेतक त्याचाच भाऊ, पण शेपटी झाकलेली आणि खाली चाकं. दोन्हींना वरती तीन पाती, इंजिन एकच. ध्रुवला चार पाती आणि दोन इंजिनं. एमआय-१७ आलं तर विचारायची गरज पडत नाही, पाच पाती, मोठं धूड, आणि त्याचा आवाज छातीत घुमतो. फौजेची हेलिकॉप्टरं बहुतेक हिरवट, करडी, नाहीतर ठिपक्याठिपक्यांची. पांढरं आणि निळ्या पट्ट्याचं असेल तर ते नागरी समजा. त्याच्या अंगावर व्हीटीनं सुरू होणारी अक्षरं असतात, भारतातल्या प्रत्येक नागरी विमानावर असतात. ती वाचा, फोटोत पकडा.

सराव असेल तर हेलिकॉप्टर एका मैदानावर थांबतं, जवान दोरावरनं उतरतात, आणि ते परत येतं. शिवारावरनं गावामागून गाव असं रेंगाळत जात नाही. कॅम्पातल्या भावाचा अंदाज मला पटत नाही.

आणि एक विनंती. सियाचीनला चीता आला म्हणजे घरचं पत्र, औषध आणि आजारी जवानाला खाली नेणारा हात आला, असं आम्ही समजायचो. आत कोण बसलंय हे माहीत नसताना त्याच्यावर दगड उगारू नका. आज दुपारी काही पोरांनी तसं केलं असं ऐकलं म्हणून लिहितोय. पात्याला किंवा मागच्या पंख्याला काही लागलं तर ते तुमच्याच शिवारात कोसळेल.

मार्कंडेयकाठ | ५:४४

सुभेदार काका, मनापासून आभार. तुम्ही म्हणता तसं पांढरंच होतं.

सांबरा रोड | ६:१०

मी कॉलेजला आहे. विमानं दाखवणारं ॲप उघडून बघितलं, त्या वेळेला आपल्या भागात काहीच दिसत नव्हतं. मित्र म्हणाला म्हणजे गुप्त मोहीम. पण मला वाटतं तसं नाही. ॲप चालतं ते जमिनीवरच्या लोकांनी बसवलेल्या रिसीव्हरवर, आणि हेलिकॉप्टर एवढं खाली असेल तर मधे टेकडी आली की संदेश पोचत नाही. दिसलं नाही म्हणजे लपवलं, असं होत नाही.

नियम पण शोधला. दाट वस्तीवरनं जाताना आसपासच्या ६०० मीटरमधल्या सगळ्यांत उंच वस्तूच्या वर किमान ३०० मीटर, आणि वस्ती नसेल तिथं जमिनीपासून १५० मीटर उंची ठेवायची असते. त्याच्या खाली यायचं असेल तर कामाचं कारण आणि परवानगी लागते. म्हणजे आज जे कुणी होतं, त्यांच्याकडं कुठंतरी कागद असणारच.

देसूर भाग | ६:३५

कुणी युरेनियमचा विचार केलाय का? देशनूरला अणुखनिजवाल्यांनी शोध घेतला होता. आमच्या वाड्यावर हीच चर्चा चाललीय.

निवृत्त सुभेदार | ६:५०

देशनूर बैलहोंगलच्या बाजूला, इथनं बरंच लांब.

भूगोलाचे मास्तर | ७:२०

देशनूरला शोध झाला हे खरं. पण जमिनीखालचं बघणारं हेलिकॉप्टर ओळखायला सोपं असतं. त्याच्या खाली दोरांना एक मोठं कडं टांगलेलं असतं, कित्येक मीटर रुंद. त्यातनं विजेचे झटके जमिनीत सोडतात आणि परत येणारा प्रतिसाद मोजतात. भूजलासाठीही अशी पाहणी होते. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं २०२१ मध्ये राजस्थानात मोठं काम सुरू केलं ते याच पद्धतीनं. आणि ते उडतं कसं, तर शेतात नांगराचे तास मारावेत तसं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, समांतर. एकाच रेषेवर जाऊन परत येत नाही.

कुणीतरी शाळेत पोरांना पाऊस पाडायचं हेलिकॉप्टर म्हणून सांगितलं. कर्नाटक सरकारनं २०१७ ला वर्षधारी योजना राबवली तेव्हा ढगांत रसायन फवारायला विमानं वापरली होती, आणि ढगांच्या उंचीवर. मळणीच्या दिवसांत, निरभ्र आभाळात, नारळाच्या उंचीवर कुणी ढग शोधत नाही.

प्रश्न एवढाच उरतो, की ती रेषा कसली? शिवारकरी, तुम्ही लिहिलंय की ते त्याच वाटेनं, पण पलीकडच्या बाजूनं परत आलं. त्या वाटेवर काय काय आहे ते आठवा बघू.

शिवारकरी | ७:४१

मास्तर, आत्ता तुम्ही विचारल्यावर डोक्यात आलं. विजेचे टॉवर आहेत. ते टॉवरच्या लाईनबरोबर चाललं होतं.

बांधावरचा | ७:५८

व्हिडिओ परत बघितला. थांबलंय ती प्रत्येक जागा टॉवरजवळची. आमच्या भातावर थांबलं असं वाटलं, कारण टॉवर आमच्याच बांधाला आहे.

वायरमन | रात्री ९:०५

ड्युटीवर होतो, आता धागा वाचला. मास्तरांनी अचूक विचारलं.

उच्चदाब वाहिन्यांची पाहणी पूर्वी आम्ही पायी करायचो. टॉवर ते टॉवर, उसातनं, ओढ्यातनं, दुर्बीण गळ्यात अडकवून. पावसाळ्यात तर एकेक टॉवर गाठायला अर्धा दिवस जायचा, आणि वरचा सांधा सैल झालाय हे खालनं दिसतच नाही. आता मोठ्या वाहिन्यांवर हेलिकॉप्टर लावतात. त्या काळ्या गोळ्यात उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. तारेचा सांधा सैल असेल तर तो तापतो आणि पडद्यावर उजळ दिसतो. दुसरा कॅमेरा तार टॉवरपासून वेगळी धरणाऱ्या चिनीमातीच्या वाट्यांवरची सूक्ष्म ठिणगी पकडतो, जी दिवसा डोळ्याला दिसत नाही. लेसरनं तारेपासून झाडाचं अंतर मोजतात. म्हणून ते टॉवरजवळ थांबतं, म्हणून एका बाजूनं जाऊन दुसऱ्या बाजूनं येतं. दोन्ही अंगांच्या वाट्या बघायच्या असतात.

तुमची लाईन केवढी ते तुम्हीच ओळखू शकता. टॉवरला लोंबणाऱ्या वाट्यांची माळ असते, ती खालनं मोजा. २२० केव्ही (म्हणजे दोन लाख वीस हजार व्होल्ट) असेल तर एका माळेत साधारण १४ वाट्या, ४०० ला २३ च्या आसपास. टॉवरवर चढू नका, हात लावू नका, लांबनं मोजा.

आता जमिनीचं. लाईनखालची जमीन तुमचीच राहते, पण तिच्यावर पट्टा मोकळा ठेवावा लागतो. ११० केव्हीला साधारण २२ मीटर रुंद, २२० ला ३५, ४०० ला ४६. त्या पट्ट्यात उंच झाड वाढलं असेल तर आजच्या पाहणीनंतर फांद्या तोडायला माणसं येतील. काजू, आंबा, नारळ असेल त्यांनी आजच फोटो काढून ठेवा. तोडायला आले तर पंचनामा केल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका, भरपाई मागता येते. आणि ऊस तुटल्यावर लाईनखाली पाचट पेटवू नका, धूर आणि ज्वाळा तारेपर्यंत गेल्या की वाहिनी बंद पडते. कधी खाली उभ्या माणसाच्या जिवावरही बेततं.

सांबरा रोड | ९:२२

आत्ताच बॅटरी लावून मोजल्या. १४.

वायरमन | ९:२५

मग २२० केव्ही. पण रात्रीच्या वेळी टॉवरखाली जाऊ नको रे बाबा.

आणखी एक शेतकरी | बुधवार, सकाळी ११:४०

सकाळी आमच्या पंचायतीत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बाईंनी मदत केली आणि त्यांना त्रास नको. पत्र आलेलं आहे. वाहिनीची हेलिकॉप्टरनं पाहणी होणार, जनावरं सांभाळावीत, पतंग आणि ड्रोन उडवू नयेत, असं सगळं त्यात आहे. तारखा पण आहेत, आज आणि उद्यासुद्धा काम आहे. पत्र कन्नडमध्ये, आतल्या खोलीत फळ्यावर टाचलेलं. वर दुसरे दोन कागद. गावात ते कुणी वाचलेलं नाही. कन्नड वाचता येणारी पोरं गावात भरपूर आहेत, पण आतल्या खोलीत कोण जातंय?

पत्राचा फोटो माझ्याकडं आहे. ज्या गावांना हवा त्यांनी सांगा.

उचगावची लेक | ११:५५

म्हणजे आधीपासनं कागद तिथं होता, आणि आमची म्हस काल पडली.

कोर्टाजवळचा | दुपारी १२:३०

अक्का, तुमचा राग बरोबर आहे आणि तो कागदावर उतरवायला हवा. जिथं भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राच्या १९५६ च्या भाषिक संरक्षणाच्या तरतुदीत आहे. सीमाभागात आपण हे मराठी परिपत्रकांसाठी, उताऱ्यांसाठी कायम मागतोच. पण जीव आणि जनावराच्या सुरक्षेची सूचना असेल तर मागणी आणखी ठाम व्हायला हवी. कन्नड सूचनेला आपला विरोध नाही, तिच्याबरोबर मराठी हवी.

म्हशीसाठी: डॉक्टरांकडनं तारीख-वेळ घालून लेखी घ्या. औषधाच्या पावत्या ठेवा. शेजारच्या दोघांचा जबाब आजच लिहून घ्या, महिन्यानं कुणाला वेळ आठवत नाही. बांधावरच्या दादांच्या व्हिडिओवर वेळ आहे, तो सांभाळा. अर्ज वीजवाहिनीच्या कार्यालयाला, प्रत तहसीलदारांना.

कृष्णाकाठची | १२:४८

अर्जात दवंडीचंही घाला. लिखाण सगळ्यांनाच वाचता येत नाही. देवळातल्या स्पीकरवरनं आदल्या संध्याकाळी मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायचं.

निवृत्त सुभेदार | १:१५

देवळाचं मी बघतो. उद्याच्या कामाची सूचना आज संध्याकाळीच देऊ, अर्जाच्या उत्तराची वाट कशाला बघायची? केदनूर, मण्णीकेरी, बोडकेनट्टीच्या लोकांनी आपापल्या गावात कुणाला सांगायचं ते इथं लिहा.

शिवारकरी | १:२०

केदनूरला माझा मेव्हणा आहे, त्याला फोन लावला. मळणी उद्या दुपारनंतर ठेवतात म्हणाला, आणि पिंजरीची गंजी आत्ताच दोरानं बांधायला घेतली.

बांधावरचा | १:३७

काल रिंगरोडची मोजणी म्हणून जो व्हिडिओ फिरतोय तो माझ्याच मुलाच्या फोनवरनं गेलेला आहे, पण खालचं लिखाण दुसऱ्या कुणाचंतरी आहे. ज्यांना आला असेल त्यांनी पुढं पाठवू नका. या धाग्याचा दुवा पाठवा. रिंगरोडची आमची लढाई खरी आहे, तिच्यात खोटी बातमी मिसळली तर उद्या खऱ्या अधिसूचनेलाही लोक अफवाच म्हणतील.

मार्कंडेयकाठ | १:५०

पटलं. अर्ज मी लिहायला घेतो, मराठीत. कन्नड मजकूर मास्तर करून देणार आहेत. मागण्या अशा: पाहणीची सूचना दोन्ही भाषांत, पंचायतीच्या दर्शनी भागात आणि स्पीकरवरनं, निदान दोन दिवस आधी, मळणीच्या आणि गुरं चरायला सोडायच्या वेळा टाळून उड्डाण, काल झालेल्या नुकसानीचा पंचनामा. ज्यांची ताडपत्री फाटली, धान्य मातीत गेलं, जनावर दुखावलं, त्यांनी सर्व्हे नंबर आणि फोटो आज रात्रीपर्यंत मला पाठवा. इथं उघड्यावर सर्व्हे नंबर टाकू नका.

वायरमन | २:१०

अर्जात टॉवरचा नंबरही लिहा. प्रत्येक टॉवरच्या पायाशी पत्र्याच्या पाटीवर असतो. तो दिला की नेमक्या कुठल्या जागेची गोष्ट आहे ते कार्यालयाला लगेच सापडतं, नाहीतर अर्ज महिनाभर टेबलावरनं टेबलावर फिरतो.

उचगावची लेक | संध्याकाळी ६:२५

डॉक्टर परत येऊन गेले. सूज उतरलीय, म्हस उभी राहून कडबा खायला लागली. लेखी घेतलंय, वेळेसकट. आमच्या टॉवरच्या पाटीचा फोटो दीरानं काढलाय, मार्कंडेयकाठ दादा, तुम्हाला पाठवते. सही करायला कुठं यायचं?

मार्कंडेयकाठ | ६:३१

शुक्रवारी सकाळी अकराला तहसीलदार कचेरीच्या दारात. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि पावत्यांच्या दोन प्रती आणा.